कार्ड दुकानाचं, खरेदी बायकोची

महालक्ष्म्या आणि दिवाळीचा माल भरायची वेळ आली की ठोक दुकानाच्या कार्डाविषयी पत्रं वाढतात. कार्ड एकाच्या नावावर, खरेदी दुसऱ्याची, बिल तिसऱ्याच्या खात्यात, असा गुंता बहुतेक पत्रांत दिसतो. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

सेलूच्या एक वाचक भगिनी: आमचं किराणा दुकान आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका ठोक दुकानाचं कार्ड यांच्या नावावर आहे. यांना गल्ला सोडून जाता येईना, म्हणून मी भावाला घेऊन माल भरायला गेले. दारातच अडवलं. कार्डावर फोटो यांचा, तुम्हाला आत जाता येणार नाही म्हणाले. दुकान आम्हा दोघांचंच आहे, मग बायकोला कार्ड का चालू नये?

ताई, तुम्ही कार्ड घराचं समजता आहात आणि ते दुकान त्याला धंद्याचं समजतं. सगळा घोळ इथेच आहे.

आपल्याकडे ‘कॅश अँड कॅरी’, म्हणजे पैसे देऊन माल स्वतः घेऊन जायच्या पद्धतीची मोठी ठोक दुकानं परदेशी कंपन्यांनी आणली. मेट्रो 2003 मध्ये बंगळुरूला आली, वॉलमार्टचं पहिलं बेस्ट प्राइस 2009 मध्ये अमृतसरला उघडलं. परकीय गुंतवणुकीच्या नियमाने अशा कंपन्यांना घरगुती गिऱ्हाईकाला माल विकायची मुभा नव्हती. विक्री फक्त धंदेवाल्याला करायची. त्याच्याकडे जीएसटीसारखी कर नोंदणी, नाहीतर दुकाने-आस्थापना नोंदणी किंवा तसाच सरकारी परवाना हवा. फेरीवाल्याचा परवानाही चालतो. नोंदणीकृत संस्था किंवा न्यास असेल तर स्वतःच्या वापरापुरता माल घेता येतो. कुणाला काय विकलं, त्याचा नोंदणी क्रमांक कोणता, रक्कम किती, याची रोजची नोंद ठेवणंही दुकानावर बंधनकारक. पुढे वॉलमार्टची भारतातली दुकानं 2020 मध्ये फ्लिपकार्टकडे गेली आणि मेट्रोची 2023 मध्ये रिलायन्सकडे. मालक बदलले, तरी कार्डाचा साचा तोच राहिला: कार्ड परवान्याला जोडलेलं, आणि परवाना ज्याच्या नावावर त्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने खरेदी करायची. नवरा-बायकोचं नातं या हिशेबात कुठेच येत नाही. तुमच्या जागी दुकानातला पोऱ्या गेला असता तरी दारात हेच उत्तर मिळालं असतं.

उपाय सोपा आहे. मालकाच्या कार्डाखाली नेमलेल्या माणसाचं जोडकार्ड काढून मिळतं. किती मिळतात आणि त्याला पैसे पडतात का, हे दुकानागणिक बदलतं. नोंदणीच्या खिडकीवर विचारा. जाताना हे न्या: यांचं मूळ कार्ड, दुकानाच्या नोंदणीची प्रत, यांच्या आणि तुमच्या आधारच्या प्रती, तुमचा मोबाइल आणि अधिकारपत्र. फोटो बहुधा तिथेच काढतात. पहिल्या वेळी यांनाही सोबत न्यावं, म्हणजे सहीची शंका जागेवर मिटते.

अधिकारपत्र दुकानाच्या छापील कागदावर हवं. मजकूर इतका पुरे: ‘आमच्या … किराणा दुकानाच्या वतीने (नोंदणी क्रमांक …, कार्ड क्रमांक …) माल खरेदी करण्यास, बिल व माल ताब्यात घेण्यास सौ. … यांना दि. … पासून दि. … पर्यंत अधिकार दिला आहे. त्यांच्या सहीचा नमुना खाली आहे.’ खाली तुमची सही, त्याखाली मालकाची सही आणि शिक्का. मुदत जरूर टाका. बेमुदत पत्र धोक्याचं असतं, उद्या तेच पत्र एखाद्या सोडून गेलेल्या नोकराच्या खिशातून निघतं.

आता हे अडतं कुठे ते सांगतो. पत्रात नाव सासरचं आणि आधारवर माहेरचं, ही सर्रास होणारी चूक. पत्रात आधारवरचंच नाव लिहा, अक्षरन् अक्षर. दुसरी अडचण परवान्याच्या मुदतीची: खाद्यपदार्थ विकायला लागणारी अन्न नोंदणी संपलेली असली की संगणक कार्डच बंद दाखवतो, आणि लोकांना वाटतं जोडकार्ड नाकारलं. तिसरी अडचण फोनची. बिल करताना ओटीपी यांच्या नंबरवर जातो आणि हे तिकडे गिऱ्हाईकात. तुम्ही काउंटरवर, मागे रांग, आणि फोन उचलत नाहीत. जोडकार्डाला तुमचाच नंबर लावून घ्या.

दुकाने-आस्थापना नोंदणीबद्दलही एक गैरसमज आहे. 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. पुष्कळ जण ती पावती कच्चा कागद समजून घरी ठेवतात. दुकानाच्या नोंदणीचा पुरावा म्हणून तीच न्यायची.

माल एक लाखाच्या वर जाणार असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना सोबत ठेवायचा ऑनलाइन कागद, लागतं. छोटा हत्ती भाड्याने केला असेल तर त्याचा नंबर बिल करण्याआधी सांगा.

आणि दुकान खरोखरच दोघांचं असेल, तुमचाही पैसा त्यात असेल, तर भागीदारी संस्था करायचा विचार करा. संस्थेला स्वतःचा पॅन मिळतो, कार्ड संस्थेच्या नावावर निघतं, आणि दोघंही भागीदार म्हणून आपापल्या हक्काने आत जातात. फक्त त्यासाठी जीएसटी, अन्न परवाना, बँक खातं सगळं नव्याने करावं लागतं. निव्वळ कार्डासाठी एवढा खटाटोप करू नका.

गंगाखेडचे एक वाचक: माझं भुसार-किराणा दुकान आहे, नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरतो. बायको विद्यार्थ्यांची मेस चालवते. मेसचं तेल, साखर, मसाले माझ्याच कार्डावर येतात आणि बिलावर माझा जीएसटी नंबर पडतो. सीए म्हणतो हे बंद करा. घरातल्या घरात कशाला भानगड?

सीए बरोबर सांगतोय. घर एक असलं तरी पॅन दोन आहेत, आणि जीएसटी पॅन पाहतो, चूल पाहत नाही.

तुम्ही भरलेल्या कराची वजावट म्हणजे इनपुट क्रेडिट तुम्हाला तेव्हाच मिळतं, जेव्हा तो माल तुमच्या धंद्यात वापरला जातो. मेसमध्ये शिजलेलं तेल तुमच्या धंद्यात गेलेलं नाही. घरच्या देवघरासाठी आणलेला तुपाचा डबा जसा वैयक्तिक वापर म्हणून क्रेडिटबाहेर, तसाच हाही. मेसची बिलं तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे तुमच्या नंबरवर पडलेल्या खरेदीच्या ऑनलाइन यादीत, आपोआप दिसतात, म्हणून ती सगळी तुमची होत नाहीत. दिसलं म्हणून घेतलं, हीच चूक पुढे व्याजासकट वसूल होते.

आता गंमत पाहा. हा माल बायकोने स्वतःच्या नंबरवर आणला, तरी तिलाही क्रेडिट मिळत नाही. मेस, खानावळ ही जेवणाची सेवा. तिला पाच टक्के कर आणि किराण्यावरचं क्रेडिट शून्य. सेवा असल्यामुळे नोंदणीची मर्यादा 20 लाखांची, तुमच्यासारख्या फक्त माल विकणाऱ्याला ती 40 लाखांची. तिची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तिला जीएसटी नंबरच लागत नाही. म्हणजे या कुटुंबात मेसच्या तेलावरचा कर कुणालाच परत मिळायचा नाही. तुमच्या कार्डामुळे तो मिळाल्यासारखा दिसतो, एवढंच.

करायचं काय? दोन वाटा आहेत. पहिली, तिच्या नावाने वेगळं कार्ड काढा. जेवण विकणाऱ्याला अन्न नोंदणी लागतेच. ती आणि दुकाने-आस्थापनेची पावती घेऊन तिने स्वतः खिडकीवर जावं. दुसरी वाट तुम्हाला जास्त सोयीची. माल तुमच्याच कार्डावर, तुमच्या दुकानासाठी आणा, आणि मेसला लागेल तेवढा रीतसर बिल फाडून विका. मग तो माल तुमच्या विक्रीचा भाग झाला, क्रेडिट घ्या आणि विक्रीवरचा कर भरा. पण इथे दर पाडू नका. नवरा-बायको कायद्याच्या भाषेत ‘संबंधित व्यक्ती’ आहेत, त्यामुळे बिल बाजारभावाने हवं. ‘बायकोकडून कसले पैसे घ्यायचे’ म्हणून फुकट दिलं तरी ती करपात्र विक्रीच धरली जाते.

मागची बिलं निस्तरायची असतील तर आधी मेसची बिलं वेगळी काढा, त्यावर घेतलेलं क्रेडिट जीएसटीच्या पुढच्या विवरणात (3बी) उलटवा आणि वापरलं गेलं असेल तर व्याज भरा. नोटीस येण्याची वाट पाहू नका.

जालन्याचे एक वाचक: एका दिवशी दहा हजारांवर रोख खरेदी खर्चात धरत नाहीत म्हणतात. म्हणून मी माझ्या कार्डावर नऊ हजार आणि बायको जोडकार्डावर नऊ हजार, अशी दोन बिलं करतो. चालेल ना?

नाही. दोन्ही कार्डं एकाच दुकानाची, म्हणजे खरेदीदार एक, विकणारा एक, दिवस एक. दहा हजारांची मर्यादा दिवसभराच्या एकूण रोखीला आहे, बिलाला नाही. अठरा हजार धरले जातील. यूपीआय, एनईएफटी किंवा डेबिट कार्डाने द्या, प्रश्नच संपला. नफ्याचा अंदाज धरून, म्हणजे उलाढालीच्या आठ किंवा सहा टक्क्यांनी विवरण भरत असाल तर खर्च दाखवायचाच नसतो, त्यामुळे ही मर्यादा तुम्हाला फारशी बोचत नाही. पण एकाच माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी घ्यायची नाही, हा नियम सगळ्यांना आहे, आणि तिथे दंड घेणाऱ्याला बसतो. म्हणूनच काउंटरवरचा माणूस मोठी रोकड पाहून हात आखडता घेतो.

लातूरचं एक ज्येष्ठ दांपत्य: मुलगा-सून अमेरिकेत आहेत. मुलाच्या नावावर कॉस्टको या तिकडच्या मोठ्या ठोक दुकानाचं कार्ड आहे. सुनेने वेगळे पैसे भरून कार्ड काढावं का? आणि आम्ही सहा महिन्यांसाठी जातोय, आम्हाला त्यावर खरेदी करता येईल का?

काका-काकू, तिकडे गणित उलटं आहे. कॉस्टको घरगुती गिऱ्हाईकालाही माल विकते, त्यामुळे कार्ड घराचंही असतं. वर्षाची फी भरली की मूळ कार्डासोबत एक घरकार्ड फुकट मिळतं. ते त्याच पत्त्यावर राहणाऱ्या एका व्यक्तीला देता येतं. सुनेने वेगळे पैसे भरायची गरज नाही. दोघांनी मिळून सदस्यत्वाच्या काउंटरवर जावं, तिने सरकारी ओळखपत्र आणि त्या पत्त्याचा पुरावा न्यावा. तिकडे फोटो काढून कार्ड हातात देतात.

मात्र मुलाचंच कार्ड घेऊन ती गेली तर चालणार नाही. 2024 पासून कॉस्टकोच्या दारांवर स्कॅनर लागले आहेत. कार्ड टेकवलं की सदस्याचा फोटो तिथल्या माणसासमोर येतो. मोबाइलमधलं कार्डही ज्याचं त्याच्या लॉगिनमध्ये. त्याचा फोटो काढून दुसऱ्याला पाठवला तर चालत नाही.

घरकार्ड एकच, ते सुनेकडे गेलं, म्हणजे तुम्हाला कार्ड नाही. पण एका सदस्यासोबत दोन पाहुणे आत जाऊ शकतात, आणि तुम्ही दोघंच आहात. फक्त पैसे सदस्यानेच द्यायचे. तुम्हाला दोघांनाच कधी जायचं असेल तर मुलाने किंवा सुनेने ‘शॉप कार्ड’ विकत घेऊन द्यावं. हे पैसे भरलेलं भेटकार्ड असतं आणि ते असलं की सदस्य नसलेल्यालाही खरेदी करता येते.

पैसे देताना एक लक्षात ठेवा: अमेरिकेतल्या कॉस्टकोच्या दुकानांत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं घेतात. इथून नेलेलं दुसऱ्या कंपनीचं क्रेडिट कार्ड तिथे निरुपयोगी.

तिकडच्या औषध काउंटरला सदस्यत्व लागत नाही, हे खरं. पण लातूरच्या डॉक्टरची चिठ्ठी तिकडे चालत नाही, तिथल्या परवानाधारक डॉक्टरची लागते. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मुदतीपुरत्या इथूनच घ्या, चिठ्ठीसकट.

मुलगा ‘एक्झिक्युटिव्ह’ सदस्यत्व घेऊ की नको विचारत असेल, तर हिशेब असा. सप्टेंबर 2024 पासून साधी फी वर्षाला 65 डॉलर, एक्झिक्युटिव्हची 130. वरच्या 65 डॉलरच्या बदल्यात पात्र खरेदीवर दोन टक्के परत मिळतात, वर्षाला कमाल 1,250 डॉलर. 65 डॉलर दोन टक्क्यांनी भरून निघायला 3,250 डॉलरची खरेदी लागते, म्हणजे महिन्याला साधारण 270. घरकार्डावरची सुनेची खरेदीही त्यात मोजली जाते. तुम्ही सहा महिने तिथे आहात, तेवढ्यात 270 सहज ओलांडतील. प्रश्न तुम्ही परतल्यावरच्या महिन्यांचा आहे. फी पटली नाही तर सदस्यत्व रद्द करून ती परत मिळते, त्यामुळे भीती नाही.

तुळजापूरच्या एक वाचक भगिनी: पती दोन महिन्यांपूर्वी वारले. दुकान मी चालवते आहे. ठोक दुकानाचं कार्ड त्यांच्या नावावर आहे, जोडकार्ड माझ्याकडे आहे आणि ते अजून चालतं. असंच चालू दिलं तर काही होईल का?

ताई, ते जोडकार्ड आजपासून बाजूला ठेवा. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा जीएसटी नंबर मालकाच्या पॅनला बांधलेला असतो, तो माणसाबरोबर संपतो. त्या नंबरवर होणारी प्रत्येक नवी खरेदी नसलेल्या माणसाच्या नावावर पडते आहे, आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला घेता येणार नाही.

सगळ्यात घाईची गोष्ट अन्न परवान्याची आहे. परवानाधारक गेल्यावर तो वारसांसाठी 90 दिवसच चालतो, किंवा मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर तोवरच. दोन महिने गेलेत, म्हणजे हातात महिनाभर आहे. तुमच्या नावाने अर्ज लगेच करा.

जीएसटीसाठी आधी तुमच्या पॅनवर नवी नोंदणी घ्या, कारणाच्या रकान्यात ‘मालकाचा मृत्यू’ निवडा. नवा नंबर मिळाला की जुन्या नंबरवरचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 या अर्जाने नव्यावर आणा. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. ते झाल्यावरच जुन्या नोंदणीच्या रद्दीचा अर्ज, म्हणजे आरईजी-16, करा. क्रम चुकवू नका. जुना नंबर आधी बंद झाला की क्रेडिट हलवायला दारच उरत नाही, आणि गोदामात भरलेला माल असेल तर ही रक्कम लहान नसते. धंदा तुम्ही पुढे चालवताय, म्हणून जुन्या नंबरची काही करबाकी असेल तर तीही तुमच्याकडे येते. आधी सीएकडून ती किती आहे ते पाहून घ्या.

मग दुकाने-आस्थापनेची नवी सूचना, धंद्याचं चालू खातं, आणि शेवटी मृत्यूचा दाखला घेऊन ठोक दुकानात. जुनं कार्ड बंद, तुमच्या नावाने नवं. त्यांच्या कार्डावर उधारीची सोय होती का, तेही तिथेच विचारा. बऱ्याचदा ती उधारी दुकानाची नसून मागच्या एखाद्या वित्तसंस्थेची असते, आणि हप्ता मालकाच्या खात्यातून जात राहतो.

हिंगोलीचे एक वाचक: मोंढ्यातला व्यापारी वर्षानुवर्षं माल देतो. आता बायको म्हणते ठोक दुकानाचं कार्ड काढू, तिथे तेल स्वस्त. खरंच स्वस्त असतं का?

डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, लिटर की किलो. खाद्यतेलाची घनता साधारण 0.91 असते, म्हणून 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपासच तेल भरतं. समजा ठोक दुकानात 15 लिटरचा डबा 2,000 ला आहे आणि मोंढ्यात 15 किलोचा 2,150 ला. दीडशे रुपये वाचले असं वाटेल. भागून पाहा: पहिला किलोला 146 च्या वर पडतो, दुसरा 143 ला. बायकोने पाहिलेला भाव कोणत्या डब्याचा होता, ते आधी विचारा.

डाळ, साखर, तेल अशा सुट्या-कट्ट्याच्या मालात मोंढा सहसा मागे पडत नाही, वर तो पंधरा दिवसांची उधारी देतो आणि किडलेली डाळ परत घेतो. साबण, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, प्लॅस्टिकचा माल अशा छापील किमतीच्या वस्तूंत ठोक दुकानाच्या योजना भारी पडतात. तेव्हा कार्ड काढा, पण यादी दोन करा. आणि घरचं सामान घ्यायला कार्डाचा विचार करत असाल तर डीमार्टसारख्या दुकानात कार्ड लागतच नाही. वहिनींना तिकडे पाठवा आणि धंद्याचं कार्ड धंद्यालाच ठेवा.